डावीकडची जागा

पत्नी गेल्यानंतरचं पहिलं वर्ष मी देवाशी अबोला धरून काढलं. गांधीबागेच्या बाजारात आमचं कापडाचं ठोक दुकान. सकाळी शटर वर करायचं, गल्ल्यामागच्या देवाच्या फोटोला हार घालायचा, तोही हाताच्या सवयीने. समोर कुणी ऐकणारं आहे की नाही, या शंकेने मला दुःखापेक्षा जास्त पोखरलं होतं. आमच्याकडून पांढरं कापड नेणारे नामदेवभाऊ शिंपी हे सगळं बघत होते. एक दिवस म्हणाले, "शेठ, रविवारी माह्यासंगं या. कोणी काही विचारत नाही. नुसतं बसाचं असते."

त्यांच्या वस्तीत एक साधं सभागृह आहे. समोर बुद्धमूर्ती, खाली चटया, त्यांवर बसायच्या लहान गाद्या, वीस-पंचवीस माणसं. मी मागे चपलांजवळ बसलो, सांगितल्याप्रमाणे श्वासाकडे लक्ष दिलं, आणि थोड्या वेळाने माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी समजूत काढली नाही. त्या न पाहण्यात इतकी माया होती की पुढचे सगळे रविवार मी तिथेच गेलो. घरचं देवघर तसंच राहिलं. ते सोडायला मला कुणी सांगितलंही नाही. पण तिथल्या उपासकांच्या संघात रीतसर घेतलेली माणसं पांढरे कपडे घालून पुढे बसत आणि मी मागून त्यांच्या पाठी बघत असे. मला त्यांच्यात बसायचं होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने इतकं आसुसावं याची लाज वाटायची, तरी आसुसणं कमी होत नव्हतं.

या संघाला गुरू नाही आणि अध्यक्षही नाही. वर्षाची पाळी ज्याच्याकडे येते तोच सभागृहाची किल्ली सांभाळतो, झाडू मारतो आणि सभेत विचारायचं कामही करतो. आषाढ पौर्णिमेच्या सकाळी नव्या माणसाचं नाव घेऊन तो तीनदा विचारतो, "संघाला मान्य आहे का?" मान्य असेल त्याने गप्प राहायचं, नसेल त्याने बोलायचं. हात वर करणं नाही, मोजणी नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावरही सगळे गप्प राहिले की माणूस संघाचा झाला. एकाने जरी तोंड उघडलं, तरी वर्षभर थांबायचं.

माझं नाव निघणार असं कळलं आणि माझ्यातला व्यापारी जागा झाला. विचारणेच्या आधीच्या आठवड्यात मी प्रत्येकाच्या घरी जाऊन पांढऱ्या कापडाचा एकेक तागा देऊन आलो. चांगला, मऊ माल होता. मनात काही काळंबेरं नव्हतं, असं तेव्हा अगदी शपथेवर सांगितलं असतं.

पौर्णिमेला नामदेवभाऊंचीच पाळी होती. त्यांनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर खिडकीजवळून बाईचा आवाज आला. "मले अजून मान्य नाही."

त्या सुमनताई. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. तीन वर्षांत त्या माझ्याशी चार वाक्यं बोलल्या नसतील. माझे कान तापले. मी बाहेरचा, मूर्तिपूजेच्या घरातला, शेठ म्हणवून घेणारा. म्हणूनच नकार दिला असणार, असं मी धरून चाललो. पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही असं ठरवूनच चपला शोधू लागलो, तेव्हा नामदेवभाऊंनी दंड धरला. नकार देणाऱ्यालाही एक नियम होता. त्याने कारण त्या माणसाला एकांतात सांगायचं आणि पुढच्या विचारणेपर्यंत दर रविवारी त्याच्या डावीकडे बसायचं. एकही रविवार चुकला तर विचारणा आणखी वर्षभर पुढे. नाही म्हणणं कुणाला स्वस्त वाटू नये, म्हणून हा नियम.

पुढच्या रविवारी सुमनताई आपली गादी उचलून मागे, चपलांजवळ आल्या. बसण्याआधी मला दाराबाहेर नेऊन म्हणाल्या, "तुमच्या घरच्या देवाशी माहं काही भांडण नाही, भाऊ. पण गप्प बसणं हेच आमचं हो असते. तुम्ही कापड वाटून सगळ्यायचं तोंड आधीच बांधून टाकलं. मंग नाही कोण म्हणन? माहंही बांधलं होतं. लय जोर लावून बोलली मी."

मी दिलेले तागे कुणी परत केले नाहीत, स्वतःसाठी वापरलेही नाहीत. सगळ्यांनी मिळून त्या कापडाच्या सभागृहातल्या गाद्यांना खोळी शिवल्या. वर्षभर मी माझ्याच चुकीवर बसत होतो.

कार्तिकात मला तापाने गाठलं. गुडघे असे धरले की बसता येईना. दुकानावरच्या माझ्या घरात एकटाच पडून होतो. मुलगी सासरी, कुणाला कळवण्याचं त्राण नव्हतं. रविवार उजाडला तेव्हा बाजार बंद, गल्ली सामसूम. आजचा दिवस चुकला म्हणजे आणखी एक वर्ष, एवढंच डोक्यात होतं. किती दिवसांनी मी देवघरातल्या फोटोकडे तोंड करून म्हटलं, आता तुझं तू बघ, माझ्याने काही होत नाही. तसं मागणंसुद्धा नव्हतं ते. हात टेकले होते.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. दारात सुमनताई, काखेत गादी. माझं घर त्यांना ठाऊक नव्हतं, गांधीबागेत त्या कधी आल्या नव्हत्या, आणि पत्ता माहीत असलेले नामदेवभाऊ त्या आठवड्यात गावी गेले होते. "जागा रिकामी दिसली," एवढंच म्हणाल्या. मग गादीची खोळ उलटून दाखवली. आतल्या कडेवर ताग्याचा शिक्का होता, आमच्या दुकानाचं नाव आणि गल्लीसकट. त्या शिक्क्यावरून विचारत विचारत त्या आल्या होत्या.

"सभागृहात बसा असं कुठं म्हटलं आहे नियमात? डावीकडे बसा म्हटलं आहे," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खाटेच्या डावीकडे गादी टाकून बसल्या. मी पडूनच डोळे मिटले. एक तास. मग त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला, पाणी पाजलं, मुलीला फोन लावून दिला आणि गेल्या. समोर कुणी ऐकणारं आहे का, हा प्रश्न त्या दिवसानंतर मला पडलेला नाही. ऐकणारा कोण, हे मात्र आजही मला सांगता येणार नाही.

आषाढ आला. तिसऱ्यांदा विचारून झालं आणि कुणी बोललं नाही. वर पंखा फिरत होता. बाहेर कुणी भांडी घासत होतं. त्या शांततेत प्रत्येकाला नाही म्हणायची मुभा होती, आणि कुणी म्हटलं नाही. मी ढसाढसा रडलो.

पुढच्या रविवारी पांढरे कपडे घालून मी पुढे बसलो. सुमनताई आपल्या जुन्या जागी, खिडकीजवळ गेल्या. नियम संपला होता. ज्या जागेसाठी इतकी वर्षं झुरलो तिथे बसून माझं लक्ष श्वासावर ठरेना. ते सारखं डावीकडे जात होतं. उठताना मी त्यांना म्हटलं, "ताई, आणखी एक वर्ष नाही म्हटलं असतं तर चाललं असतं."

त्या हसल्या. "लोभ काही सुटत नाही तुमचा. एवढं आसुसून मांगत होते, आता भेटलं तं नको काहून?"

त्यांचं खरं होतं. मिळणं आणि जाणं दोन्ही माझ्या हातचं नव्हतं; मिळालेलं घ्यायचं आणि गेलेलं जाऊ द्यायचं, हे मी कापड वाटून नाही, खाटेवर पडून शिकलो. त्यांच्या त्या एका नकाराचे उपकार फिटायचे नाहीत, आणि फिटावेत असं वाटतही नाही. मी अजून दर रविवारी जातो. चटईवर गादी टाकताना डाव्या हाताला आणखी एक गादी मावेल एवढी जागा सुटते. कुणी सरका म्हटलं की सरकतो.