अक्षयचा राहिलेला सीन

नव्या कापसाच्या वाती वळत बसले होते. अर्ध्या ताटात, अर्धा कापूस मांडीवर. तेवढ्यात अक्षय आला आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, "काकू, मथुराबाई आली नाही. सीन राहिला."

अक्षय आमच्या शेजारचा. बाभुळगावात लग्न-बारशांचे व्हिडिओ काढतो आणि उरलेल्या वेळात स्वतःचा सिनेमा. गावाला ते खूळ वाटते. यवतमाळला एका संस्थेकडे मदत मागायला गेला, तर त्यांचा पहिला प्रश्न, हिरोईन कोण? गावातल्या एका पुढाऱ्याकडे दिवे मागितले, तर त्यांनी भर कार्यक्रमात त्याच्या अंगावर शाल घातली, दिवे काही दिले नाहीत. शेवटी आमच्या यांनी ट्रॅक्टर उभा करून दिला आणि हेडलाइटच्या उजेडात शूटिंग झाले. वर हे म्हणतात, "डिझेल माह्यं, नाव तुह्यं."

माणसे हेरण्यात मात्र तो पक्का. मथुराबाई कापूस वेचायला जाते. वेचता वेचता ती गावातल्या सासवांच्या अशा नकला करते की बायकांच्या ओटीतला कापूस सांडतो. त्याने ते बांधावरून ऐकले आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात गेला. तिने चहा पाजला आणि नाही म्हणाली. तो चहा प्यायला जातच राहिला, तेव्हा कुठे हो म्हणाली.

सिनेमा सिंधू नावाच्या बाईचा. नवरा किसन गेल्यावर ती एकटीने शेत करते. आधी त्याने सवाष्ण बायकांना विचारून पाहिले होते. पण नवरा धडधाकट असताना उघड्या कपाळाने कॅमेऱ्यासमोर कोण बसेल? मीही बसले नसते. मथुराबाईचा नवरा मात्र खरोखरच गेलेला. तिने विधवेचे सगळे सीन केले आणि मागे उभी राहून मी पदर डोळ्यांना लावत होते. राहिला तो एकच, सिंधू सवाष्ण असतानाच्या हळदीकुंकवाचा. तो नसेल तर तिचे काय गेले ते कोणाला दिसणारच नाही.

तेवढ्यासाठी अक्षयने टिकल्यांचे पाकीट आणले. कुंकवाला ती बिचकेल, टिकलीचे काय, लावली आणि काढली, असे त्याला वाटले. पाकीट तिच्या हातात दिले आणि आज ती आलीच नाही.

मी वाती झाकून ठेवल्या, देवाला हात जोडले आणि त्याच्यासोबत गेले. मथुराबाई अंगणात बसून होती. पाकीट खिडकीत, न फोडलेले. काहून आली नाही, मी विचारले.

"टिकली असो का कुंकू, कपाळ तं तेच हाये, ताई." मग अक्षयकडे वळून म्हणाली, "तुह्या सिनेमात मी रडली बाबू, ते जड नाही गेलं. हे आपल्या हातानं कसं लावू? चोरल्यावाणी वाटते."

अक्षयचा चेहरा उतरला. राहू दे मावशी, म्हणाला, मी दुसरं काही लिहितो. काय लिहिणार होता, त्यालाच ठाऊक नव्हते.

दर संक्रांतीला मथुराबाई आमच्याकडे येते, मागच्या दाराने. तिळगूळ घेते. कुंकू मी लावत नाही, ती मागत नाही.

"मी लावतो," मी म्हणाले. "सवाष्णीनं सवाष्णीले लावाचं असते. सिंधू सवाष्ण हाये ना?"

ती म्हणाली, "लोकं तुमाले बोलतीन."

"देवाले सांगून आली मी."

तिला आमच्या घरी आणले, देवघरातला कुंकवाचा करंडा काढला. माझे हिरवे लुगडे तिला नेसवले. अक्षयने कसे बसायचे ते सांगितले आणि कॅमेरा सुरू केला. मी हळद लावली, कुंकू लावले. तिने डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ती लाजली, आणि ते काही अक्षयने लिहून दिलेले नव्हते. मग मी सीनमधल्यासारखे म्हणाले, नाव घे.

उखाणा अक्षयनेच लिहिलेला, तिला पाठ. तिने तो ठसक्यात म्हटला. फक्त नावाच्या जागी किसन म्हणायचे ते म्हणाली देवीलाल.

देवीलाल तिचा नवरा.

तिला लगेच कळले. पदर तोंडावर घेऊन म्हणाली, "चुकली ना मी? पुन्हा घे बाबू."

अक्षयने कॅमेरा बंद केला आणि सावकाश पिशवीत ठेवला. "नाही मावशी. झाला सीन. सिंधूच्या नवऱ्याचं नावच देवीलाल."

मी म्हटले, अरे, मग बाकीच्या सिनेमाचे काय, सासू त्याला किसन म्हणून हाका मारते. तो म्हणाला, मारेल पुन्हा, नव्या नावाने. मथुराबाई लुगडे बदलून, कपाळ न धुता, पदर पुढे ओढून घरी गेली.

वाती मी संध्याकाळी पुऱ्या केल्या. सिनेमात सासूचे काम करणाऱ्या बसंतीबाई सध्या लेकीकडे राजूरला आहेत. उद्या अक्षय तिकडे जाणार आहे, त्यांच्या आवाजात देवीलाल ही हाक भरून आणायला.