डोळे मिटून नदी ओलांडणाऱ्या सरोजक्का

सरोजक्कांनी पहिल्याच भेटीत आम्हाला घराबाहेर काढलं, अशी माझी काही वेळ ठाम समजूत होती. मी आणि माझा नवरा नितीन त्यांच्या ओसरीवर चटईवर टेकतो न टेकतो तोच त्या आतून आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ऊटा!" आम्ही उठलो. "अय्यो, उभे का? बसा की!" आम्ही बसलो. पुढ्यात केळीची पानं आली, भात आला, आणि बाई साराची पळी माझ्या पानावर धरून विचारतात, "हाकू का?" बाप्पा! मी नागपूरची. आमच्याकडे गुरं हाकतात, माशा हाकतात. पाहुण्यांना हाकायचं झालंच तर निदान जेवण उरकू देतात. नितीन कानाशी पुटपुटला, "मेघा, जेवायचं की निघायचं?"

मग उलगडा झाला. कानडीत ऊटा म्हणजे जेवण आणि हाकणं म्हणजे वाढणं. अक्कांचं माहेर-सासर दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखातल्या बसवनगुडीतलं. घरात मराठी, दारात कानडी, आणि दोन्हींची अशी सरमिसळ झालेली की कुठला शब्द कुठला हे त्यांनाच धड सांगता येत नसे. आम्ही काय समजलो ते ऐकून त्या पदराला डोळे पुसेपर्यंत हसल्या. त्या दिवसापासून माझ्या पानाशी आल्या की मुद्दाम आवाज चढवून विचारायच्या, "मेघा, हाकू का गं तुला?"

त्यांचं घर कावेरीतल्या एका बेटावर आहे. गावातले लोक त्याला नडुगड्डे म्हणतात, म्हणजे नदीच्या मधला तुकडा. मूठभर घरं, नारळाच्या बागा, एक मारुतीचं देऊळ, आणि पूल नाही. अक्कांचे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं इथे बाग घेतली, वाढवली, आणि काही वर्षांपूर्वी ते गेले. मुलगा श्रीधर शहरात, व्हाइटफील्डला आमच्याच इमारतीत राहतो, चौदाव्या मजल्यावर. आम्हाला तिकडे पहिल्यांदा धाडलं ते त्यानंच. "आईला पाहुणे फार आवडतात, तुम्ही जाऊन या ना," म्हणाला. स्वतःला मात्र वेळ नाही. व्हाइटफील्डमध्ये वेळ कुणालाच नसतो म्हणा.

बेटावर जायचं ते हरिगोलातून. वेताची मोठी टोपली पाण्यात सोडावी तशी ही गोल नाव. मादप्पा ती एका वल्ह्यानं चालवतो. पाहुणा कुणीही असो, अक्का त्याला न्यायला स्वतः अलीकडच्या काठावर येणार आणि परतताना सोडायलाही येणार. "तुम्ही काठावर उभे आणि मी घरात? बरं दिसतं का ते?" नावेत त्या नेहमी बायकांच्या घोळक्यात मधोमध बसायच्या, डोळे घट्ट मिटायच्या आणि तोंड सुरू करायच्या. "नागपूरला वांग्याच्या भरतात लसूण घालतात का गं? कच्ची की भाजून? आणि तुझी सासू कशी आहे? अजून रुसलेलीच?" डोळे मिटून माझ्या सासूची चौकशी! मला वाटायचं, ऊन लागत असेल, नाहीतर मध्येमध्ये जप चालला असेल.

यजमान गेल्यावर एक पावसाळाभर श्रीधरनं त्यांना व्हाइटफील्डला आणलं होतं. तिथे लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला त्या विचारायच्या, "ऊटा झाला का?" पोरं कानातली इअरफोनची बोंडं काढून म्हणायची, "सॉरी आंटी?" अक्का पुन्हा विचारायच्या. तोवर त्यांचा मजला यायचा. तळमजल्यावरच्या सुरक्षारक्षकाशी मात्र त्यांची मैत्री जमली. त्याची बदली झाली तेव्हा त्यांनी त्याला डब्यात बिसीबेळे भात दिला. दसऱ्याला म्हणाल्या, "सरी, बरं तर, आता बाग बघायला पाहिजे," आणि परत गेल्या त्या गेल्याच.

यंदा हरिगोलातून उतरताना अक्कांचा पाय घसरला. घोट्याला प्लास्टर लागलं. श्रीधर घाबरला, आणि घाबरला की तो चिडतो. आमच्याकडे येऊन सोफ्यावर बसला नि म्हणाला, "मेघाताई, आता पुरे झालं. बाग विकतो आणि तिला कायमची इकडे आणतो. खोली रंगवून घेतलीय, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय. माझं ऐकत नाही ती, तुमचं ऐकेल. जा आणि समजवा." मलाही ते पटलंच होतं. एकटी बाई, चारी बाजूंना पाणी, दवाखाना पलीकडे. मी मुद्देबिद्दे तयार करून निघाले.

काठावर पोचते तर काय, अक्का हजर! प्लास्टर नुकतंच निघालेलं, हातात काठी. माझं डोकंच फिरलं. "अक्का, कमाल आहे तुमची! पुन्हा नावेत बसलात?"

"मग तुला एकटीला पाण्यातून येऊ देऊ?" म्हणाल्या आणि वळल्याही.

त्या दिवशी नावेत गर्दी नव्हती, म्हणून मी पहिल्यांदाच त्यांच्या अगदी समोर बसले. शेजारच्या दूधवाल्या बाईनं काही न बोलता हात पुढे केला आणि अक्कांनी तो गच्च धरला. डोळे मिटले. ओठ पांढरे पडले होते. तोंड अर्थात चालूच.

"अक्का," मी मध्येच तोडलं, "तुम्हाला पाण्याची भीती वाटते?"

"वाटते की. पहिल्या दिवसापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत? मला वाटायचं तुम्ही जप करता!"

"माहितीय. मी म्हटलं, असू दे, तेवढंच फुकटचं पुण्य माझ्या नावावर." मादप्पाला काय कळलं कोण जाणे, पण तोही हसला.

आयतीच संधी चालून आली होती. पानावर बसल्याबसल्या मी सुरुवात केली. पाण्याची एवढी भीती वाटते तर पाण्यात राहायचंच कशाला? तिकडे लिफ्ट आहे, डॉक्टर खालीच आहे, मुलगा आहे, मी आहे. अक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पळी पातेल्यात ठेवून त्या माझ्यासमोर बसल्या.

"मेघा, तिकडे मला कशाचीच भीती नव्हती बघ. लिफ्ट आपली वर जाते, खाली येते. पावसाळाभर राहिले, कुणी एकदासुद्धा माझा हात धरला नाही. कशाला धरतील? गरजच नव्हती. इथे अक्का भित्री आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. नावेत पाय टाकला की कुणी ना कुणी हात पुढे करतं. ही दूधवाली आहे ना, आमचं भांडण चाललंय, महिनाभर बोलत नाही आम्ही. तरी धरते. ह्यांनीही धरला होता, अगदी शेवटच्या वेळी त्यांना पलीकडे दवाखान्यात नेलं तोवर. माझी भीती गेली तर हे सगळं जाईल की गं." आणि मग लबाड हसून म्हणाल्या, "पाहुण्यांना न्यायला-सोडायला मी उगाच येते का? जास्तीच्या दोन फेऱ्या मिळतात."

 मी समोरचा ताक-भात संपवला. तयार करून आणलेले मुद्दे तसेच परत न्यायचे ठरवले. परतताना दूधवाली नव्हती. हात मी धरला. केवढा तो जोर!

अलीकडच्या काठावरूनच मी श्रीधरला फोन लावला. "मी हरले. आता तुम्ही या. मात्र येताना फळं, औषधं, मिठाई काही आणू नका. दोन्ही हात मोकळे ठेवून या."

"म्हणजे? ती तयार झाली की नाही?" तो वैतागला. मी फोन ठेवून दिला.

तो शनिवारी गेला. सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये भेटला तेव्हा मी विचारलं, "काय ठरलं बागेचं?"

"नाही विकत," तो म्हणाला. मग शर्टाची बाही वर सारून त्यानं मनगट पुढे केलं. चार नखांच्या लाल खुणा अजून दिसत होत्या. "एवढी घाबरते ती, मेघाताई, आणि मला माहीतच नव्हतं. नावेत माझे हात नेहमी सामानात. जाताना धरला तो घरी पोचेपर्यंत सोडलाच नाही हात."

"अहो, मलम तरी लावा त्याला," मी म्हटलं.

लिफ्ट थांबली, दार उघडलं. त्यानं मनगटाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "नको. राहू द्या."