एका खोक्यातली दोन चर्चं आणि एक बार

फांगातोआ गावातल्या सेफोला कुणाला 'नाही' म्हणणं जमत नसे. कुणी विचारलं, "सेफो, उद्या तारोचे कंद उपटायला येशील?" की हा म्हणे, "येतो की!" त्याच वेळेला दुसऱ्यानं जाळं ओढायला बोलावलं, तर तिथंही "येतो की!" दुसऱ्या दिवशी दोघंही त्याला शोधत फिरायचे आणि हा तिसऱ्याच कुणाच्या तरी छपरावर पत्रे ठोकत बसलेला असायचा. खोटं बोलायची हौस नव्हती त्याला. समोरच्याचं तोंड पडलेलं त्याला बघवायचं नाही, एवढंच.

बरीच वर्षं ऑकलंडला टेलिफोनच्या कंपनीत केबल ओढून, कंबर धरून तो सामोआतल्या सवाईई बेटावर परतला, तेव्हा लोकांनी बोटीतून काय काय उतरतंय ते मान उंचावून पाहिलं. फ्रीज नाही, टीव्ही नाही. उतरलं ते एक काळं लोखंडी खोकं, चांगल्या पोसलेल्या डुकराएवढं जड. कंपनीनं भंगारात काढलेला सर्व्हर, म्हणजे वेबसाइटी सांभाळणारं यंत्र, होता तो. सेफोनं तो मोठ्या बहिणीच्या, फुआतिनोच्या बेकरीत नेला, कारण गावात वीज गेल्यावर आपोआप चालू होणारा जनरेटर तिच्याकडेच होता.

"भट्टीजवळ नको," फुआतिनोनं बजावलं. "पिठाच्या खोलीत ठेव. आणि हा इतका घरघरतो कशाला? आजारी आहे का?"

"पंखे आहेत गं ताई. थंड राहायला लागतं त्याला."

"मला पण लागतं. मला कुणी पंखा लावला नाही."

पहिलं गिऱ्हाईक आलं लांगी. मूळची गावचीच, आता सालेलोलोंगाला धक्क्याजवळ तिचा बार होता. बोटीतून उतरणाऱ्या पालांगी, म्हणजे गोऱ्या पाहुण्यांना आधीच कळावं म्हणून तिला वेबसाइट हवी होती. सेफोनं करून दिली. निळा समुद्र, बाटल्या, आणि मधोमध फुलांची माळ घालून नाचणारी लांगीची भाची.

ते बघून वरच्या आळीतल्या चर्चचे पाद्री विलिआमू आले. गावात चर्चं दोन. वरच्या आळीचं पांढरं, खालच्या आळीचं निळं. एकानं घंटा आणली की दुसरा कर्णा आणायचा. एकानं घंटाघर बांधलं की दुसरा दोन बांधायचा. आता विलिआमूंना रविवारची प्रार्थना ऑकलंड-सिडनीतल्या मंडळींना घरबसल्या दाखवायची होती.

"पण सेफो, मशीन आमचं स्वतंत्र पाहिजे हं. देवाचं काम आहे."

"स्वतंत्रच की, पाद्रीसाहेब!"

आठवडा उलटायच्या आत खालच्या आळीचे पाद्री पेसालेली आले. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "वरच्यांना मशीन दिलंस म्हणे?"

"हो."

"आमचं त्याच्यापेक्षा मोठं असेल ना?"

"असेल की!" सेफो म्हणाला, आणि त्याच खोक्यात तिसरं बिऱ्हाड थाटलं.

फुआतिनोनं हे सगळं कणीक तिंबता तिंबता ऐकलं होतं. पाद्री गेल्यावर तिनं हात पुसले. "सेफ्या, मशीन एक. गिऱ्हाइकं तीन. तू कुणाला फसवतोयस?"

"कुणालाच नाही. हे बघ ताई, आपल्या घरात तू राहतेस, मी राहतो, तुझी सून राहते. बाहेरचा माणूस येतो आणि नाव घेतो. फुआतिनो म्हणाला की तू बाहेर येतेस, सेफो म्हणाला की मी येतो. हे मशीन तेच करतं. कुठलं नाव विचारलं ते ऐकतं आणि त्याचं पान पुढं करतं."

"आणि येणाऱ्यानं नावच चुकीचं घेतलं तर?"

"तर जो यादीत पहिला असेल तो बाहेर येतो."

"पहिला कोण आहे?"

"लांगी," सेफो म्हणाला आणि पाव मोजायला निघून गेला.

सगळं सुरळीत चाललं होतं. घोटाळा केला विलिआमूंच्या ऑकलंडच्या जावयानं. त्याला यातलं थोडं थोडं कळत होतं, आणि थोडं कळणारा माणूस फार वाईट. त्यानं सासऱ्याला फोन करून सांगितलं की प्रत्येक वेबसाइटच्या नावामागं नेटवर्कवरचा एक आकड्यांचा पत्ता असतो, आणि आपल्या चर्चचा पत्ता आणि धक्क्यावरच्या बारचा पत्ता एकच आहे.

विलिआमू भर दुपारी छत्री घेऊन बेकरीत आले.

"सेफो! आमच्या चर्चचा घरनंबर आणि लांगीचा घरनंबर एक?"

"मशीन वेगळंच आहे हो. पत्ता तेवढा..."

"पत्ता वेगळा पाहिजे. उद्याच्या उद्या."

"देतो की!"

आणि दिलाही. राजधानीतल्या, आपियाच्या कंपनीकडून त्यानं आणखी दोन पत्ते घेतले आणि ते त्याच खोक्याला जोडले. म्हणजे घर तेच राहिलं, दारं तीन झाली आणि प्रत्येक दारावर निराळा नंबर लागला. एका यंत्राला असे कितीही पत्ते लावता येतात. फक्त ते नुसते लावून चालत नाही, कायमचे लिहूनही ठेवावे लागतात. नाहीतर यंत्र झोपून उठलं की विसरतं. सेफोनं लावले. लिहायचं उद्यावर टाकलं, कारण तेवढ्यात कुणीतरी जाळं ओढायला हाक मारली.

पेसालेलींच्या कानावर गोष्ट गेलीच. ते आले ते थेट मुद्द्यावर. "वरच्यांच्या पत्त्यात शेवटचा आकडा कितीचा?"

"अठरा."

"आणि आमचा?"

"एकोणीस."

पेसालेलींनी मान डोलावली. "म्हणजे एकानं जास्त. ठीक आहे." आणि जाताना खूश होऊन नारळाच्या दुधातले गोड पाव, पानीपोपो, टोपलीभर घेऊन गेले.

मग आला ऑक्टोबरमधला पांढरा रविवार. त्या दिवशी पोरांचं राज्य असतं. पोरं पांढरेशुभ्र कपडे घालून बायबलातली वचनं पाठ म्हणतात, नाटुकली करतात, आणि मोठी माणसं त्यांना जेवायला वाढतात. ऑकलंडला वरच्या आळीची मंडळी एका हॉलमध्ये मोठा पडदा लावून जमली होती. अगदी पुढं खुर्ची टाकून बसल्या होत्या विलिआमूंच्या सासूबाई, मेलेसेनी. इकडे गावात त्यांचा पणतू पहिल्यांदाच वचन म्हणणार होता.

इकडे पहिली प्रार्थना संपते न संपते तोच वीज गेली. बेकरीचा जनरेटर धडधडत सुरू झाला. पण त्या मधल्या क्षणात खोकं झोपून उठलं होतं. उठलं ते आपला जुना पत्ता तेवढा लक्षात ठेवून. लांगीचा बार जगभर दिसत होता. दोन्ही चर्चं गायब.

सेफो वरच्या चर्चमध्ये मागच्या रांगेत खर्जातला सूर धरून उभा होता. खिशातला फोन थरथरला. जावयाचा आवाज आला, "पडदा काळा झालाय!" सेफो सूर तसाच सोडून धावत सुटला. मागच्या रांगेतला खर्ज नाहीसा झाला तशी पुढच्या बायकांनी वळून पाहिलं; पण तोवर कमरेची पांढरी लुंगी, लावालावा, गुडघ्यांवर धरून सेफो ब्रेडफ्रूटच्या झाडापलीकडे गेला होता.

पिठाच्या खोलीत त्यानं धापा टाकत पत्ते पुन्हा लावले. या वेळेस कायमचे लिहिलेही. गडबडीत कुठल्या दारामागं कुणाचं पान ती सगळी यादी नव्यानं लिहून काढली, आणि वरच्या चर्चसमोर अठराच्या जागी एक्याऐंशी लिहिलं.

खालच्यांची प्रार्थना झकास सुरू झाली. वरच्यांकडे येणारे लोक मात्र अठरा नंबरच्या दाराशी आले. मशीननं यादी पाहिली. अठरा नंबर कुणाचाच नाही. मग ते पाहुण्यांना घेऊन गेलं यादीतल्या पहिल्याकडे.

ऑकलंडच्या पडद्यावर निळा समुद्र उजळला. बाटल्या आल्या. फुलांची माळ घालून लांगीची भाची कंबर हलवायला लागली आणि वर अक्षरं आली: 'थकलेल्यांनो, या! संध्याकाळी एकावर एक बिअर फुकट!'

मेलेसेनीबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "वचन बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "'थकलेल्यांनो, या' असंच आहे बायबलात. पण पोरीला कपडे जरा कमीच शिवलेत."

जावयाचा दुसरा फोन आला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. रागानं की हसण्यानं, ते सेफोला कळलं नाही. एक्याऐंशीचे अठरा व्हायला क्षणभर लागला. पणतवाचं वचन शेवटच्या ओळीवर आलं होतं, तेवढं बाईंना मिळालं.

जेवणं आटोपल्यावर विलिआमू बेकरीत हजर झाले. त्यांच्या मागोमाग पेसालेली आले, ते केवळ मजा बघायला. आणि आपलं नाव चर्चमध्ये निघालं असं कळल्यामुळे लांगीही आली, नवी टोपी घालून.

"मला माझं मशीन बघायचंय," विलिआमू म्हणाले. "त्यात ही लांगी शिरली कशी?"

"मी कुठं शिरले? मी माझ्या घरी होते," लांगी म्हणाली.

सेफोनं फुआतिनोकडे पाहिलं. फुआतिनोनं पिठाच्या खोलीचं दार उघडलं. पोत्यांच्या मधे, फुलाफुलांच्या कापडाखाली, एकुलतं एक खोकं घरघरत होतं.

"आमचं कुठलं?" विलिआमूंनी विचारलं.

"हे."

"आणि आमचं मोठं?" पेसालेली मान पुढं करून म्हणाले.

"...हेच."

"आणि माझं रे?" लांगीनं विचारलं.

"तुझंही हेच, लांगी."

दोन्ही पाद्र्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांकडे एकाच भावनेनं पाहिलं. सेफोचे कान तापले. ऑकलंडला साहेबानं कामावरून काढलं तेव्हासुद्धा त्याला इतकं ओशाळं वाटलं नव्हतं. "तुम्हा दोघांनाही वाईट वाटू नये म्हणून..." तो पुटपुटला.

"आम्हाला वाटलं नाही," विलिआमू म्हणाले. "मेलेसेनीबाईंना विचार काय वाटलं ते."

"पण चुकून उघडलं ते लांगीचंच का?" पेसालेलींना आता खरीच उत्सुकता लागली. सेफोला सांगावंच लागलं की यादीत पहिलं नाव तिचं आहे.

खोलीतली हवा बदलली. खोटं बोलल्याचं पोत्यामागं पडलं. पहिलं नाव! सामोआत आवा या मानाच्या पेयाची वाटी आधी कुणाला द्यायची यावरून पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरलेली घराणी आहेत. इथं तर दोन चर्चांच्या आधी बार.

गोष्ट गावाच्या सभेपुढं गेली. चारी बाजूंनी उघड्या सभाघरात मताई, म्हणजे घराण्यांचे प्रमुख, आपापल्या खांबाला टेकून बसले. सेफोला शिक्षा लगेच झाली: एक मोठं डुक्कर. त्याच्याकडे डुक्कर नव्हतं, पण तो "देतो की!" म्हणाला. पहिल्या नावाचा प्रश्न मात्र दिवस कलला तरी सुटेना. वरची आळी म्हणे आमचं चर्च जुनं, खालची म्हणे आमची माणसं जास्त.

शेवटी म्हातारे मताई तुआलेवा, जे इतका वेळ डोळे मिटून होते, त्यांनी काठी आपटली. "सेफो, पहिल्याला काम काय असतं?"

"काही नाही, आजोबा. ज्याचा पत्ता चुकला, ज्याला दार सापडलं नाही, असा माणूस पहिल्याकडे येतो. वाट चुकलेले सगळे त्याच्याकडे."

विलिआमू ताडकन सरळ बसले. "वाट चुकलेल्यांना जवळ घेणं हे चर्चचंच काम आहे!"

"तेच म्हणतोय मी," पेसालेली म्हणाले. "खालच्या चर्चचं."

सभाघराबाहेर वळचणीला बसलेल्या लांगीनं आत डोकावून सांगितलं, "आत्तापर्यंत सगळे माझ्याकडेच येत होते. एकानंही परत पाठवा म्हटलं नाही."

मताई हसले. एकदोघांनी हसणं खाकरण्यात लपवलं, कारण वाट त्यांचीही चुकत असे.

तुआलेवांनी हात वर केला. "वाट चुकलेला माणूस दारात आला तर आपल्यात त्याला आधी प्रार्थनेला बसवतात का? दारू पाजतात का?"

"नाही," सगळे म्हणाले.

"खायला घालतात. फुआतिनोचं नाव पहिलं."

फुआतिनोला वेबसाइट नको होती. "आधीच वीज माझी, खोली माझी, आता तोंडही माझं का?" ती म्हणाली. पण सभेपुढं कुणाचं चालत नाही. सेफोनं तिच्या पानावर एकच चित्र लावलं: भट्टीतून नुकतं काढलेलं पानीपोपोचं ताट. नारळाचं दूध कडेनं बुडबुडतंय, वरून वाफ निघतेय.

डुकराच्या बदल्यात सेफोला दोन्ही आळ्यांतल्या चर्चच्या शेतात तारो लावावा लागला. एका दिवशी दोन्हीकडे जायचं कबूल केल्यामुळे त्याचे हालही दुप्पट झाले. पाद्री मात्र निवळले. विलिआमूंनी मशीनवर घालायला पांढरं विणलेलं कापड पाठवलं, पेसालेलींनी त्याहून लांब निळं पाठवलं, आणि फुआतिनोनं दोन्ही काढून ठेवली, कारण खोकं गुदमरत होतं.

जावयाचा फोन अधूनमधून येतो. हल्ली त्याची तक्रार वेगळी असते. मेलेसेनीबाई प्रार्थना संपली की चष्मा लावतात, मुद्दाम एक आकडा चुकवून पत्ता टाकायला लावतात, आणि ताटाकडे बघत बसतात. हॉलमधल्या पोरांना जवळ ओढून सांगतात, "ही वाफ खोटी आहे रे. खरी वाफ नाकात जाते."

सेफोनं हे बहिणीला सांगितलं. शुक्रवारच्या बोटीनं फुआतिनोचा भाचा ऑकलंडला निघाला होता, त्याच्या पिशवीत तिनं केळीच्या पानात बांधलेले पाव कोंबले आणि वर सेफोला दम दिला, "तिला सांग, हे शिळे होतील तेव्हा होतील. आणि माझ्या पानावर मुद्दाम चुकून यायचं नाही. वीज लागते."