अर्ध्यावर बांधलेलं निशाण

इंग्लंडातल्या पोर्ट्समथ बंदरातल्या आमच्या नाटकगृहात दोर ओढायला जुने खलाशीच असत. पडदे, ढग, जहाजाची शिडं, सगळं त्यांच्या हातावर चाले. त्यांतला सर्वांत वयस्क जेथ्रो पास्को. अडुसष्ट वर्षांचा, गुडघे गेलेले. कुठलंही जहाज त्याला आता घेणार नव्हतं, आणि रंगमंचावरच्या दोरांच्या माळ्यावरचं हे काम सुटलं तर पुढे सरळ निराधारांचा गरीबखाना. हे तो स्वतःच हसत सांगे.

त्या हिवाळ्यात आम्ही आरमाराचं नाटक बसवलं. तिसऱ्या अंकात आपलं जहाज एका बेटावरचं गाव जाळतं, तिथली राणी गुडघे टेकते आणि निशाण डोलकाठीच्या टोकाला चढतं. ती राणी मी. सावळी दिसावी म्हणून अक्रोडाच्या सालींचा रस तोंडाला फासून काय ध्यान दिसत असेन! पण टाळ्या पडत, मंडळी, टाळ्या!

तालमीत जेथ्रोने वरून विचारलं, "साहेब, गावात घरं किती?"

"घरं?" मालक क्रम्प ओरडले. "अरे म्हातारड्या, रंगवलेला पडदा आहे तो! तू तुझा दोर सांभाळ."

"सत्तावीस होती," जेथ्रो म्हणाला. "आम्ही जाळली तेव्हा. मोजायला मलाच पाठवलं होतं."

"मग निशाण चढवायची सवय आहेच की तुला!"

सगळे हसले. मीही.

पहिल्या प्रयोगाला वरची स्वस्त बाकं बंदरातल्या खलाशांनी खच्चून भरली होती. तोफा झाल्या, मी गुडघे टेकले, निशाण चढू लागलं आणि अर्ध्यावर थांबलं. मला वाटलं, दोर अडकला. वर पाहिलं, तर जेथ्रो शांतपणे गाठ मारत होता.

अर्ध्यावरचं निशाण म्हणजे कुणीतरी गेलं, हे खलाशाला शिकवावं लागत नाही. एकाने टोपी काढली, मग साऱ्यांनी. टाळी एकही नाही. मला पुढचं वाक्य आठवेना.

पडदा पडताच क्रम्प शिडीखाली येऊन उभे राहिले. "दोर अडकला म्हण, पास्को. तेवढं म्हण आणि राहा."

"अडकला नाही, साहेब. मी बांधला."

"जेथ्रोकाका, म्हणा की हो," मी म्हटलं. "तोंड झिजतंय का तुमचं?"

"गुडघे झिजलेत, पोरी. तेवढं पुरे."

कोट उचलून तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून नाटकगृहाचा सुतार निशाण टोकाला नेऊ लागला. नाटक दोन हिवाळे चाललं. मी रोज गुडघे टेकले. दुसऱ्या हिवाळ्यात जेथ्रो गरीबखान्यात वारल्याचं कळलं. त्या दिवशी दोन प्रयोग होते. त्याच्या दफनाला मला जाता आलं नाही.