दाराची चाल

लालासाहेब हवालदाराला दारूचं व्यसन नव्हतं, तंबाखूचं नव्हतं, पत्त्यांचं तर नावच सोडा. त्याला एकच खूळ होतं, हरिबा मास्तरांच्या बँडाचं. आणि खूळ म्हणजे किती? चैत्रातल्या जत्रेला हा बँड तासगावाकडून यायचा. आदल्या दिवशी तरणा लालासाहेब सकाळपासून फाट्यावर ठाण मांडायचा, एस्टीच्या टपावरचा ढोल स्वतः उतरवून घ्यायचा आणि डोक्यावर घेऊन गावात शिरायचा. बघणाऱ्याला वाटावं, बँड यानंच पदरी बाळगलाय.

मलकापूरपासून दोन कोसांवरचं हे गाव. गावाची एक रीत होती. जत्रेच्या सकाळी भैरोबाची पालखी दारोदार थांबते, घरची बाई ओवाळते, आणि जी ओवाळील तिनं बँडाला एक चाल सांगायची. ती त्या दाराची चाल. लालासाहेबाची आई ओवाळायची खरी, पण चाल लेक कानात सांगायचा तीच. ‘घोड्याची चाल वाजवा,’ म्हातारी म्हणायची. ती मास्तरांनी स्वतः बसवलेली. सुरुवातीला दुडक्या चालीनं निघायची आणि मग अशी उधळायची की ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडावा. लालासाहेबाचा आपला समज, दार आपलं, चाल आपली, बँडही आपलाच.

लग्न झालं आणि पहिल्याच जत्रेला नवी नवरी अंजना म्हणाली, “आवं, किती वो ह्यो कालवा! माजं डोस्कं उठलं.” लालासाहेब दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र क्लॅरनेट कुठं आणि कर्णे कुठं हे तिला तोंडानं वाजवून समजावत बसला. त्याच साली तो पलटणीत भरती झाला.

पंधरा वर्षं पलटणीत गेली. सुट्टी मिळायची ती कधी दिवाळीला, कधी ऐन पावसाळ्यात. चैत्रात एकदाही नाही. मागणार तरी काय म्हणून? साहेबापुढं उभं राहून ‘बँड ऐकायला सुट्टी द्या’ म्हणायची काय सोय? पलटणीतही बँड होता, चांगला ऐटबाज. पण याला तो पटला नाही. अंबाल्याला, जम्मूला, जिथं जाईल तिथं हा गडी रिकाम्या वेळी ट्रंकेवर घोड्याची चाल बडवायचा आणि शेजारच्या खाटा शिव्या घालायच्या. घरी आला की चार दिवस रानात, चार दिवस पावण्यात, आणि परत ट्रंक भरायला घ्यायचा.

शहात्तरच्या दिवाळीत तो पेन्शनीवर कायमचा घरी आला. आई मागंच वारली होती. दिवाळीपासून चैत्रापर्यंत त्यानं अख्ख्या गावाचे कान किटवले. “औंदा बगा, हरिबा मास्तर मला बगून काय वाजिवत्यात ते!”

जत्रेच्या आदल्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून स्वारी फाट्यावर. एस्टी थांबली. मास्तर उतरले, डोक्याचा कापूस झालेला, क्लॅरनेटची पेटी मात्र तीच. लालासाहेबानं कडक सलाम ठोकला.

“कोन पावनं?” मास्तर म्हणाले.

“मी लालासाब! ढोल न्ह्यायचो की तुमचा.”

मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि एकदम तोंड फुललं. “आरं व्हय व्हय! आमच्या अंजनाआक्काचं मालक!” मागची पोरं पुढं झाली. “आक्काचं मालक व्हय? आक्का बरी हाय न्हवं?”

लालासाहेबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ढोल उतरवायचाही राहिला.

घरी तर त्याहून वरताण. बँडवाले हातपाय धुऊन सरळ सोप्यात येऊन बसले, आपल्याच घरी आल्यासारखे. चहा बिनसाखरेचा कुणाला, बशीतून कोण पितो, सगळं अंजनाला पाठ. आणि बोलणं काय? “मास्तर, गेल्या साली ढोल लय फुडं पळत हुता. क्लॅरनेट दबत हुती.” मास्तरांनी कान धरला. “खरं हाय आक्का. औंदा सुदारलंय. उद्या ऐका आन सांगा.”

कालवा म्हणून डोकं उठलेली बाई ही! खूळ माझं, बँड माझा, आणि आपण आपल्याच सोप्यात उष्ट्या कपबशा गोळा करतोय, हे लालासाहेबाच्या मनात आलं आणि एक बशी हातातून सुटून फुटली. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

संशयाची गोष्ट नव्हती हं. मास्तर साठीच्या पुढचे, तोंडात आक्काशिवाय शब्द नाही. तसलं काही मनात आणलं असतं तर गावानं तोंडात शेण घातलं असतं. संशय नव्हता, नुसतं जळत होतं. आणि बायकोवर जळायचं, तेही बँडापायी, हे सांगायचं तरी कुणाला?

“लय वळख वाढलीया तुजी,” तो जेवताना म्हणाला.

“पंदरा वरसं येत्यात की,” अंजना म्हणाली, आणि भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी दारात आली. अंजनानं भोयांच्या पायांवर पाणी घातलं, ताट उचललं. आता ही तोंड उघडणार, हिच्या मनातली चाल वाजणार, हे लालासाहेबाला सोसवेना. त्यानं पुढं होऊन तिच्या हातातलं ताट ओढून घेतलं आणि स्वतःच ओवाळायला लागला! भर जत्रेत, बाप्या माणूस! पलीकडच्या घरच्या बयाबाईनं तिथल्या तिथं सुनावलं, “हवालदार, डोईवर पदर तरी घ्या की!” बायका फिदीफिदी हसल्या. लालासाहेबाचे कान तापले, पण मागं हटेल तर तो हवालदार कसला.

“घोड्याची चाल!” तो कवायतीच्या आवाजात ओरडला.

मास्तरांनी ओठाला लावलेली क्लॅरनेट खाली घेतली. त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या मागं उभ्या अंजनाकडं. “वाजवू न्हवं, आक्का?”

अंजनानं मान हलवली, आणि चाल निघाली.

ज्या चालीसाठी हा माणूस एवढी वर्षं झुरला ती त्याच्या दारात, चार हातांवर वाजत होती. मास्तरांचा दम तसाच होता. पण लालासाहेब बँडाकडं बघतच नव्हता. तो अंजनाकडं बघत होता. तिचा पदर ढळला होता, ओठ किंचित उघडे होते, डोळे भरून आले होते आणि चेहऱ्यावर असा उजेड की बाई आहे तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान दिसावी. इतक्या सुट्ट्यांना आपण या दारातून आत आलो, त्याला वाटलं, हे तोंड आपल्याला एकदाही दिसलं नाही. चाल उधळली कधी आणि संपली कधी, त्याला कळलं नाही.

पालखी हलली, गुलाल उडाला, बायका बँडामागं निघाल्या. अंजना डोळे पुसत म्हणाली, “कशी झाली?”

“ऐकलीच न्हाई.” आणि मग त्याच्यानं राहवेना. “माज्याकडं असं कवा बगितलं न्हाईस तू. येक डाव बी न्हाई.”

अंजना हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं ताट त्याच्या हातातून काढून घेऊन उंबऱ्याच्या आत ठेवलं.

“बगाया मानूस दारात असाया लागतंय,” ती म्हणाली. “बँड वर्सातनं येकदाच येतो, पर ह्या दारात थांबतो. तुमी आलासा की आठव्या दिशी ट्रंक भराया घ्यायचा. मी कवा बगायचं? ट्रंकंकडं?”

एवढं बोलून ती बायकांत मिसळली.

बँड बयाबाईच्या दारात पोचला. तिकडं नवी चाल सुरू झाली, लालासाहेबानं आयुष्यात कधी न ऐकलेली, सकाळच्या उन्हासारखी संथ. त्याचे पाय शिवशिवले. आजवर बँड पुढं गेला आणि हा मागं राहिला असं एकदाही झालं नव्हतं. पोटात जळत होतंच. ते काही अंजनाच्या चार शब्दांनी विझलं नाही, उलट जास्तच भडकलं. पण तो पायरीवर बसला. बँड वेशीपर्यंत गेला, आवाज बारीक झाला, बंद पडला, तरी बसून राहिला. ऊन सरकत त्याच्या मांडीवर आलं.

दुपार कलल्यावर अंजना परत आली. केसांत गुलाल, पायांवर धूळ. त्याला पायरीवर बघून ती थबकली.

“आँ? तुमी बँडामागं गेला न्हाईसा?”

“न्हाई.”

“आन जेवला?”

“न्हाई. हितंच हाय मी. सकाळपासनं.”

ती उभी राहिली आणि त्याच्याकडं बघत राहिली. बँडाकडं बघते तसं नव्हे; त्याच्या निम्म्यानंसुद्धा नव्हे. ते लालासाहेबाला चांगलंच कळलं. पण तो हलला नाही.