उत्तर न देणारे आबा

आमच्या शेजारच्या आबांनी जन्मात कुणाच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नाही. त्यांच्या बायकोने, म्हणजे आक्कांनी, चहा ठेवू का विचारलं, तर म्हणायचे, "तुले काय वाटस?" शिरपूरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून ते गावी परतले, पण शिकवणं सुटलं नाही. हातगाडीवाल्याला एकदा विचारलं, चांगलं वांगं कोणतं? तो म्हणाला, हिरवं. मग हिरवं पण किडकं असलं तर? भरताला चांगलं ते रश्शालाही चांगलं का? शेवटी तो बिचारा म्हणाला, "आबा, फुकट न्या, पन इचारू नका." ग्रीस देशात फार पूर्वी एक गुरू होता आणि त्याची आई सुईण होती, असं आबा सांगायचे. गुरू म्हणायचा, मीही तेच काम करतो. ज्ञान ज्याच्या त्याच्या पोटातच असतं, मी फक्त प्रश्न विचारून ते बाहेर काढतो. यावर आक्कांचं म्हणणं, सुईण निदान एका दिवसात मोकळं करते.

मग माझा नंबर लागला. बचत गटाने एरंडोलच्या बायकांना बिबडे शिकवायला माझं नाव दिलं. ज्वारीचे हे पापड माझ्या हातचे बरे होतात, पण चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. चौथी शिकलेली मी काय शिकवणार? नाही म्हणून टाकलं, आणि रात्रभर हळहळत राहिले. सकाळी अंगणात चुलीवर बिबड्यांसाठी ज्वारीचा घाटा ढवळत होते, तर आबा उलट्या बादलीवर येऊन बसले.

"घाटा शिजना, हाई तुले कसं समजस?"

सांगता येत नाही म्हटलं. मग समजतं तरी का, असं त्यांनी विचारलं. मला रागच आला. न समजायला काय झालं? आधी फटफट बुडबुडे येतात, मग ढवळताना हात जड होतो, ओलं बोट लावलं तर चिकटत नाही. ते विचारत गेले, मी सांगत गेले: ज्वारी किती दिवस भिजवायची, तीळ-लसूण कधी घालायचं, थापायचं फडकं ओलं का. मागे वळले, तर कुंपणाशी गटाच्या साऱ्या बायका ऐकत उभ्या. घाटा बुडाशी लागला होता. आम्ही तो तेल घालून तसाच खाल्ला.

"मी तुले काही शिकाडं का?" आबांनी विचारलं.

"नाही."

"मंग हाई बठ्ठं कोठे व्हतं?"

एरंडोलला मी गेले. उभी राहिले आणि आधी समोरच्या बाईलाच विचारलं, घाटा शिजला हे तुम्ही कसं ओळखता? पुढचं सोपं गेलं.

यंदा त्यांच्या मुलाने आबा-आक्कांना नाशिकला नेलं. आबा गाडीत बसताना मी विचारलं, परत कधी येणार? वाटलं, म्हणतील, परत येणं म्हणजे काय? ते म्हणाले, "बिबडास्ना येळले येसू वं माय."

सरळ उत्तर दिलं, तेव्हापासून जिवाला चुटपुट लागली आहे. आज ज्वारी भिजत घातली. बादली उलटी करून ठेवली आहे.