उघाडीवरून आलेली ओ

गेल्या वर्षी आषाढ अमावास्येला, भर दुपारी, पेण तालुक्यातल्या गडबच्या पश्चिमेला खाडीलगत असलेल्या आमच्या गावच्या बांधावर चार माणसांनी माझ्या थोरल्या भावाचा आवाज ऐकला. त्या चौघांत मी होतो. माझा भाऊ दिनकर आदल्या रात्री युरोपातल्या एका शहरात हृदयविकाराने वारला होता. चौघांपैकी हे तेव्हा फक्त मला ठाऊक होतं.

मी बातमीदार आहे. रोह्यात काम करतो, शेजारच्या अष्टमी गावात राहतो. भुताखेतांचा मजकूर आला की तो बाजूला टाकणारा माणूस मीच... अजूनही टाकतो. म्हणून इथे फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहितो आहे.

दादा पेणला शिकला, मुंबईत इंजिनिअर झाला आणि पुढचं सगळं आयुष्य त्याने कण-त्वरकांची चुंबकं तयार करण्यात घालवलं. अणूहून लहान कण प्रचंड वेगाने फिरवायचे तर त्यांना वळवायला तेवढीच जबरदस्त चुंबकं लागतात. त्यांच्या तारा द्रव हेलियममध्ये इतक्या थंड ठेवतात की त्यातून वीज विनाअडथळा वाहते. पण आतली तार केसभर जरी सरकली, तरी तेवढ्या घर्षणाने एक ठिपका गरम होतो आणि क्षणात सगळं चुंबक निकामी होऊन बंद पडतं. त्याला क्वेंच म्हणतात. दादाचं काम तो ठिपका शोधण्याचं. चुंबकावर ठिकठिकाणी सेन्सर लावायचे, आत काही तडकलं की तो बारीक आवाज कोणत्या सेन्सरला आधी पोचला, कोणत्याला नंतर, ते बघायचं आणि त्यावरून नेमकी जागा काढायची.

एका सुट्टीत त्याने हे बाबांना समजावलं होतं.

"म्हणजे खेकड्याचं बीळ," बाबा म्हणाले. "बीळ बोटाएवढं, पण बांध सगळा जातो."

"व्हय. तसंच."

"मग एवढ्या लांब जाऊन बांधच राखतोस काय रे? हितं कमी पडत होता?"

दादा हसला. बाबा हसले नाहीत.

आमची भातखाचरं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. बांध गेला तर खारं पाणी आत येतं आणि पुढची काही वर्षं तिथे भात होत नाही. बांधाच्या मध्यावर पाणी सोडायचं दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. मोठ्या उधाणाला राखण असते. तिची पद्धत ठरलेली — एका टोकाचा माणूस हाक देतो, "हाय का?" उघाडीवरचा ओ देतो, "हाय!" मग पलीकडच्या टोकाचा. कुणी "पाझरतंय" म्हणालं की सगळ्यांनी धावायचं. आणखी एक नियम आहे. राखणीवरच्या माणसाला ओहोटी लागेपर्यंत घरची कसलीही बातमी सांगायची नाही.

उघाडीची जागा आमच्या घराची. शाळेत असल्यापासून तिथे दादा बसायचा. तो परदेशी गेल्यापासून ती रिकामी आहे. तरीही बाबा हाक दिल्यावर त्याच्या ओपुरती जागा सोडतात, आणि मगच पलीकडच्या टोकावरचा हिरामणकाका ओ देतो. हे कुणी ठरवलं नव्हतं.

त्या गणपतीला दादा घरी येणार होता. तिकीट काढून झालं होतं. बाबांनी पडवीत त्याच्यासाठी नवी खाट आणून ठेवली होती.

अमावास्येच्या सकाळी दादाच्या सहकाऱ्याचा मला फोन आला. मी नागोठण्यावरून गावी पोचलो तेव्हा बाबा बांधावर होते. भरती चढत होती. माझ्याकडे नुसतं बघून म्हणाले, "मधेच कसा आलास? नको सांगू. ओहोटी लागू दे."

हिरामणकाकाची बायको पारूकाकी गावाकडच्या पायवाटेने चहा घेऊन येत होती. पलीकडच्या टोकावरून काका ओरडला, "आज गटारी हाय! पोरं कोंबड्या आणायला गेलेत, बांध म्हाताऱ्यांच्या गळ्यात!"

"तुला कोंबडी चावायला दात तरी हायत काय?" बाबा ओरडले. मग त्यांनी नेहमीची हाक दिली. "हाय का...?"

दादाच्या ओपुरती जागा सोडली.

"पाझरतंय!"

आवाज उघाडीकडून आला. मोठा, स्पष्ट, शेवट किंचित लांबवलेला. दादा तसाच लांबवायचा.

आम्ही धावलो. उघाडीवर कुणी नव्हतं. दाराच्या दगडी बांधकामाला लागून आतल्या बाजूने गढूळ पाण्याची धार सुटली होती. काकाच्या आरोळ्यांनी गावातली माणसं जमली, कंपनीतून सुट्टीवर असलेली पोरंही आली. चिखल, पेंढा, मातीच्या गोण्या टाकून भोक बुजवलं. बांध राहिला.

बाबा मात्र पाझराकडे बघत नव्हते. ते खाचरात, तिवरांत, दारामागे बघत होते.

"दिन्या! आता लपतोस काय? म्हातारा झालास तरी खोड जात नाय!" मग काकीकडे वळून, "पारू गो, भात जास्त टाक. दिन्या आलाय. न सांगता आला, गणपतीच्या आधीच!"

काकी म्हणाली, "व्हय, मीपण ऐकला. बॅग कुठं ठेवली त्याने?"

भरती पूर्ण व्हायला अजून पाऊण तास होता. बाबा येईल त्याला सांगत राहिले — माझा मोठा आलाय, आल्या आल्या बांध वाचवला. पोरं टाळ्या देत होती. एकाने विचारलं, "दिनकरकाका बाटली आणतील का हो फॉरेनची?" बाबा म्हणाले, "तुला कशाला? तुला हितली झेपत नाय."

मी नियम पाळला. पाणी उतरायला लागलं तेव्हा बाबांना बाजूला घेतलं आणि सांगितलं.

ते उघाडीकडे वळले. मग विचारलं, "मग बोलला कोण?"

नंतरच्या दिवसांत मी दादाच्याच पद्धतीने शोध घेतला. बाबा, काका, काकी यांना वेगवेगळं त्यांच्या त्यांच्या जागी उभं केलं आणि आवाज कुठून आला ते हाताने दाखवायला सांगितलं. तिन्ही रेषा उघाडीच्या दारावर मिळाल्या. मी बाबांच्या शेजारी होतो, मीही तिथेच बोट दाखवलं असतं. त्या वेळी उघाडीजवळ असू शकेल अशा गावातल्या प्रत्येकाला विचारलं. कुणीही तिथे नव्हतं. दादाच्या मृत्यूची वेळ रुग्णालयाकडून पुन्हा तपासून घेतली. ती बरोबर आहे. याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. दादाजवळ असतं की नाही, तेही सांगता येत नाही.

पुढच्या अमावास्येला मी बांधावर होतो. बाबांनी हाक दिली आणि दादाच्या ओपुरती जागा सोडली. उघाडीवरून ओ आली नाही. पलीकडे हिरामणकाकाही गप्प राहिला, नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ. मग म्हणाला, "हाय."

बुजवलेली जागा कोरडी होती.